आईचं कापडाचं विमान

माझ्या आईवर आमच्या घरात दोन विनोद चालायचे, आणि दोन्ही एकाच विमानावरचे. एक, आई लग्नाआधी पुष्पक विमानात बसली होती. दोन, ते विमान कापडाचं होतं.

आता सोलापुरात कापडाचं विमान म्हटल्यावर माणसं सोडतील होय? "चादरीचं होतं का टॉवेलचं?" हे माझ्या आत्यांपासून गल्लीतल्या दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालेलं. पुष्पकाचं तर विचारूच नका. "रावण पुढं बसला होता का मागं?" दिवाळीला सगळे जमले की फराळाबरोबर हे निघायचंच. आई आधी भांडायची. मग भांडण सोडून नुसती उठून आत जायला लागली. गेल्या काही वर्षांत तर तिनं तो विषयच टाकून दिला होता. मला या लोकांचा असा संताप यायचा की चकल्यांसकट ताट भिरकावून द्यावं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा मुलं मला मागून 'लवंगी बाई' म्हणायची, तेही मला माहीत आहे.

पण रागावून करणार काय? उत्तर माझ्याकडेही नव्हतं. आई खोटं बोलत नाही, एवढंच मला पक्कं ठाऊक होतं. पुष्पक म्हणजे मलाही रामायणातलंच वाटायचं. पोरसवदा वय, विमान बघून हरखली असेल आणि कौतुकानं पुष्पक म्हणाली असेल, अशी मी माझी समजूत घातली होती.

पुरावा म्हणून एक फोटो होता, तळहाताएवढा, तपकिरी पडलेला. त्यात सतरा-अठरा वर्षांची आई, दोन वेण्या, अंगाला अजून न सरावलेली साडी, आणि एका तिरक्या दांडीला धरून उभी. मागे विमान. म्हणजे, विमान म्हणायचं. पंख डोक्यावर छपरासारखा, पुढं दोन चाकं, नाक वर करून बसलेलं, आणि शेपटी फोटोच्या कडेला तुटलेली. मागचं आभाळ पांढरंफटक. आमच्याकडे गड्ड्याच्या जत्रेत फोटोवाले पुठ्ठ्याचं विमान नाहीतर पुठ्ठ्याचा चंद्र ठेवायचे, तिथं उभं राहून माणसं हौसेनं फोटो काढून घ्यायची. हा फोटो बघणाऱ्याला तेच वाटायचं.

आणि तो गड्ड्यातला फोटो आहे हे सगळ्यांत आधी सांगणारा माणूस होता आईचा सख्खा थोरला भाऊ, माझा मामा.

आईचं म्हणणं असं होतं की मामानंच तिला होटगी रस्त्याकडच्या विमानतळावर नेलं. तेव्हा तो गावात एका पेट्रोल पंपावर कामाला होता. बाहेरगावच्या फ्लाइंग क्लबचं विमान उतरलं की हा पेट्रोलचे डबे घेऊन तिकडं जायचा, पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायलाही शिकला होता. त्या लोकांशी त्याची चांगली ओळख. त्यांनी बहिणीला एक चक्कर मारून आणली, बरोबरच्या एकानं फोटो काढला आणि मग टपालानं पाठवला. हे सगळं आई सांगायची, आणि मामा मांडीवर थाप मारून हसायचा. "काय तरीच सांगतीस तायडे! गड्ड्यातला फोटो हाय त्यो. इमानात बसली म्हनं! हिला जिन्यावर चढताना भवळ येती की!" मग सगळे त्याच्याबरोबर हसायचे. माझे बाबाही हसायचे, बिचारे. मामाच नाही म्हणतोय म्हटल्यावर दुसरा कुणी कशाला हो म्हणेल?

परवापरवापर्यंत हे असंच होतं. मग सोलापुरातून विमान सुरू झालं, आणि माझ्या धाकट्या भावानं आईचं मुंबईचं तिकीट काढलं. हौशी आहे तो. घरच्या ग्रुपवर त्यानं लगेच टाकलं, 'आईचा पहिला विमानप्रवास!' सोबत फुगे, केक, नाचणारी माणसं. कापडी फलकसुद्धा छापायला टाकला होता म्हणे. मी आईला मोबाइल वाचून दाखवला. ती शेंगा सोलत होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही.

"पहिला न्हाय," ती म्हणाली. "दुसरा."

"अगं आई, जाऊ दे ना."

"का जाऊ द्यायचं? दुसरा म्हना, मग येते. न्हायतर मी कुटं येत न्हाय."

भावाला फोन केला तर तो आधी हसला, मग वैतागला. "ताई, तिकीट परत होत नाही गं. समजावून सांग तिला." मी म्हटलं, तूच समजून घे जरा, आणि फोन आपटला. म्हणजे आजकालचा फोन आपटता येत नाही, पण बोटानं जेवढा आपटता येतो तेवढा आपटला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई, कुणाकडं कधी काही मागितलं नाही तिनं. आणि आता मागून मागून काय मागितलं, तर 'दुसरा' एवढा एक शब्द.

त्या दुपारी मी फोटो खिडकीपाशी घेऊन बसले. जन्मभर मुलांना एकच गोष्ट ओरडून सांगत आले, की जे दिसतंय ते काढा, जे माहीत आहे ते काढू नका. आणि मी बाई इतक्या वर्षांत त्या फोटोकडं असं कधी बघितलंच नव्हतं. भिंग धरलं आणि पहिल्यांदा दिसली ती सावली. पंखाची सावली आईच्या डाव्या खांद्यावर पडली होती आणि पदरावरून खाली उतरत होती, निरी आली तिथं मोडत, बरोबर जशी मोडायला हवी तशी. पुठ्ठ्याचं विमान माणसाच्या पाठीमागे सपाट उभं असतं. ते माणसाच्या डोक्यावर पंख धरून सावली पाडायला कुठून येईल? मी एकटीच मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले.

मग पेन्सिल घेतली आणि दिसेल तेवढं काढत गेले. पंख एकच, आणि तो खिडक्यांच्या वर. पोटाखालच्या एका जागेतून दोन दांड्या निघून फाकत वर पंखाला जाऊन टेकलेल्या, आईनं धरलीय ती त्यातलीच पुढची. नाकाशी दोन पात्यांचा पंखा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नाकपुड्यांसारखी दोन भोकं. इंजिन सगळं आत झाकलेलं. चाकं उघडी. आणि पंखाच्या खालच्या अंगाला बारीक फासळ्या उमटलेल्या, ताणलेल्या छत्रीतून काड्या दिसतात तशा. म्हणजे ते पत्र्याचं नव्हतंच. कापड होतं ते! चादरीचं का टॉवेलचं विचारणाऱ्या सगळ्यांना मी मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

आईला हाक मारून विचारलं, "बसायचं कसं होतं गं? पुढं-मागं का शेजारी?"

"शेजारी. खेटून," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "लई अडचण हुती."

पुढचे काही दिवस मी इंटरनेटवर जुन्या लहान विमानांचे फोटो बघण्यात घालवले. जेवण करपलं, दूध उतू गेलं. एक विमान फार जवळचं वाटलं, पण त्यात बसायचं एकामागे एक आणि इंजिनाचे तुकडे दोन्हीकडून कानांसारखे बाहेर आलेले. ते बाद. दोन-दोन पंखांची बाद. दांडी एकच असलेली बाद. शेवटी एक अमेरिकेतलं सापडलं. वर पंख, दोन दांड्या, शेजारी बसायचं, कापडाचं अंग, सगळं जुळलं. पण अमेरिकेतलं विमान होटगी रस्त्याला कसं येणार, या विचारानं मी पुन्हा अडले. खालचं वाचत गेले, तर लिहिलेलं की याच धर्तीचं विमान पुढं आपल्याकडं बंगळूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालं, देशातल्या फ्लाइंग क्लबांसाठी. फोटो उघडला. तीच नाकपुडी, त्याच दांड्या. खाली इंग्रजीत नाव होतं. मी एकेक अक्षर लावून वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

पुष्पक.

रामायणातलं नव्हे. त्या विमानाचं नावच पुष्पक होतं. कारखान्यानं ठेवलेलं. आई लाडानं म्हणत नव्हती, तिला कुणीतरी जे नाव सांगितलं तेच ती सांगत होती, सरळ, जसं एखादी बाई म्हणेल की मी लूनावर बसले होते. आणि आम्ही सगळे आपले रावणाला शोधत बसलो! नुसत्या फोटोवरून ते अमेरिकेतलं का बंगळूरचं हे मला ठामपणानं सांगता आलं नसतं. ते नाव आईनंच सांगून ठेवलं होतं.

मी धावत आत गेले. दोन्ही फोटो शेजारी धरून तिला दाखवले, नाव वाचून दाखवलं. वाटलं होतं, उड्या मारेल. ती चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, "व्हय. हेच. मी सांगतच हुते की."

"आता टाकते ग्रुपवर. सगळ्यांची तोंडं बंद करते बघ."

"नको," ती म्हणाली. मग फोटोवरून बोट फिरवत हळूच म्हणाली, "तुमचं काय, तुमचा जन्मबी झाला नव्हता. तुमी मानलं काय न्हाय मानलं काय. त्यो हुता तितं. त्यानंच पंखा फिरवला. अण्णाला म्हनायला लाव."

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं तिला आमच्या हसण्याचं दुःख नव्हतंच. जो माणूस खाली उभा राहून तिला वर जाताना बघत होता तोच नाही म्हणत होता, हे तिला लागत होतं. मला मामाचा असा राग आला म्हणता! फोटो पर्समध्ये टाकला, आईला म्हटलं, नेस साडी, माढ्याला जायचं. मामाचं गॅरेज माढ्यात, आता ते त्याचा मुलगा बघतो आणि मामा मागच्या घरी असतो. आईनं त्याच भावासाठी शेंगाचटणीचा डबा भरून घेतलाच. भांडायला निघालो होतो आम्ही, पण डबा पाहिजे!

वाटेत दोन्हीकडं ऊस. मी गाडी चालवत मनात वाक्यं जुळवत होते. मध्येच सहज विचारलं, "वर गेलात तेव्हा मामा कुठं बसला होता गं?"

"त्यो? त्यो खालीच की. जागा कुटं हुती? दोघांचंच इमान ते."

"मग तुझ्या शेजारी कोण?"

"चालवणारा." आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पंचविशीचा आसंल. लई शांत पोरगा. भिऊ नको म्हनला, हिंदीत. नाव बी त्यानंच सांगितलं, ये पुष्पक है म्हनून." आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझी आई थोडी लाजली. मी नजर रस्त्यावरच ठेवली. पण जुळवलेली वाक्यं कुठंतरी विसकटली.

मामा ओट्यावर ऊन खात बसला होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा नुसता उजळला. "आली का गं तायडे! आगं सूनबाई, च्या टाक!" पाणी झालं, चहा झाला, पावसापाण्याचं झालं. मग मी फोटो काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं बघितला आणि सवयीनं मांडीवर थाप मारली. "गड्ड्यातलं इमान आनलंस व्हय!"

"मामा, हे पुष्पक आहे," मी म्हटलं. "बंगळूरला बनलेलं. मी शोधून काढलंय. यात दोनच माणसं बसतात, शेजारी शेजारी."

मामाचं हसणं थांबलं. माझ्याकडं नाही, आईकडंही नाही, त्यानं आधी बघितलं ते आत, सुनेच्या दिशेनं. मग दाराकडं. आणि हात खाली दाबल्यासारखा करून म्हणाला, "हळू बोल. हळू."

तो 'हळू' ऐकला आणि माझा सगळा राग जागच्या जागी विरघळला. कारण काय ते मला कळलं होतं. आईला कळलं नव्हतं. ती म्हणाली, "का हळू? कशाला हळू? अण्णा, तू का खोटं बोललास रे जन्मभर? आपलं बाबा मारतील म्हनून भ्यालास, ते मला कळतंय. पन बाबा जाऊन किती वरसं झाली!"

"बाबाच्या माराला कोन भितंय," मामा खालच्या आवाजात म्हणाला. "तुजी सुपारी फुटायची हुती त्या टायमाला. आठवतंय का? सासरा तुजा कसला कडक मानूस. आनि च्याच्या गाड्यावर एकानं मला इचारलं, तुजी भन इमानात कुना पोराबरूबर बसलीवती म्हनं, एकलीच? माज्या पायाखालची जमीनच सरकली. गड्डा चालूच हुता, म्हनलं, आरं कसलं इमान, गड्ड्यातला फोटू हाय. आनि हासलो. जोरात हासलो. मग हासावंच लागलं की. एकदा गड्डा म्हनलं, आता दर खेपंला गड्डाच म्हनाया पायजे. दाजी हुते तवर कसं बोलू? दाजी गेल्यावर बी... पोरं हायत, सुना हायत. लोकांच्या तोंडाला काय?"

"मला तरी सांगायचंस," आईचा आवाज फुटला. "मी मनात लई धरलं रे तुज्यावर."

"तुला? तू गप बसली आसतीस व्हय? भांडीवालीला बी सांगून आली आसतीस!"

आई रडता रडता हसली. मी तर बघायचंच सोडून दिलं, पदरात तोंड घातलं. इतकी वर्षं सगळ्यांत मोठ्यानं हसणारा हा माणूस, आणि आम्ही त्याला चेष्टेखोर म्हणत होतो. बहिणीचा राग त्यानं निमूट घेतला. तिच्या नावाला बोट लागू दिलं नाही.

"किती वर गेलीवतीस," मामा म्हणाला. आता तो फोटोकडं बघतच नव्हता. "मी खाली डबा घिऊन हुबा. एवढंसं दिसाय लागलं, मग दिसंना. म्हनलं, आता काय ही येत न्हाय. कमरंचा पट्टा मीच बांदला हुता, त्यो नीट बांदला का न्हाय तेच आठवंना. उतरलीस तवा मीच रडाय लागलो. तू हासत हुतीस."

"अण्णा," आईनं त्याचा हात धरला. "अरे, आता कोन मोडनार हाय माझं लग्न?"

मामा तिच्याकडं बघत राहिला. आधी त्याचे ओठ हलले, मग खांदे, आणि मग तो हसायला लागला, पण हे हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता तो खांबाला धरून उठला. चालताना दोन माणसं लागतात त्याला, पण उठला. ओट्याच्या कडेशी गेला. समोर गॅरेजमध्ये त्याचा मुलगा होता, दोन गिऱ्हाइकं होती, रस्त्यावर कुणी सायकलवरून चाललं होतं. आत सूनबाई कप विसळायची थांबून दारात आली.

"आरं ए!" मामा ओरडला. "हिकडं बगा! ही माजी भन इमानात बसल्याली हाय! खऱ्या इमानात! मी सोत्ता बगितलंय!"

"अण्णा, हळू की," आई त्याचं धोतर ओढत म्हणाली. "लोक ऐकत्यात."

"ऐकू दे," मामा म्हणाला.